चौदा जणांची हवा

१

बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी शाळा बांधल्या, जनावरांचे दवाखाने बांधले आणि एक विश्रामगृह बांधलं, ज्याच्या मोरीचा उतार आजही उलटा आहे. अशा माणसाला निवृत्तीनंतर कुणी रॉकेट सोडायची इमारत बांधायला सांगावं, यात सांगणाऱ्याचीच हिंमत मोठी. रेणुका, म्हणजे माझी बायको, म्हणाली की आधी त्या मोरीचं बघा, मग आभाळाचं.

कंपनी नवी होती. गारपिटीच्या ढगात छोटी रॉकेटं पाठवून आतलं तापमान आणि वारा मोजायचा, असा तिचा उद्योग. देवणीच्या पलीकडे एक उजाड माळ त्यांनी घेतला होता. माझी मुलगी महामाया तिथे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. रॉकेटमधून येणारे आकडे पकडायचं यंत्र तिच्या हातातलं. तिनेच तिथल्या मोठ्या मॅडमना, दामिनी मॅडमना, सांगितलं की आमच्या पप्पांची एकही भिंत आजवर पडलेली नाही. हे खरं आहे. मोऱ्यांबद्दल ती बोलली नाही.

रॉकेट सोडायची इमारत म्हटल्यावर लोकांना काहीतरी उंच, काचेचं वाटतं. प्रत्यक्षात ती अर्धी जमिनीत पुरलेली एक खोली असते. दोन फूट जाड काँक्रीटच्या भिंती, तीन बाजूंनी छतापर्यंत मातीचा भराव, खिडकी एकही नाही. रॉकेट चारशे मीटरवर उभं असतं आणि आतल्या लोकांना ते फक्त पडद्यावर दिसतं. दार एकच, लोखंडी, कडांना जाड रबर बसवलेलं. बाहेर रॉकेट फुटलं तरी आतल्या चौदा जणांच्या चहात तरंग उठू नये, एवढंच त्या इमारतीचं काम. मला हे काम आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी खोली फक्त माणसांना जपण्यासाठी आखत होतो, आणि त्या चौदांत माझी एकुलती एक मुलगी होती.

प्रश्न हवेचा होता. रॉकेटचा धूर फुफ्फुसाला वाईट, म्हणून उड्डाणाच्या वेळी दार आणि हवेची भोकं सगळी बंद करायची, ती चाळीस मिनिटांनी उघडायची. तेवढा वेळ चौदा माणसं एकाच हवेत श्वास घेणार. म्हणून मी उच्छ्वासातला वायू मोजणारा मीटर भिंतीवर लावला आणि त्याचा आकडा दाराबाहेरच्या पाटीवरही दिसेल अशी सोय केली. त्या खोलीत एक माणूस चाळीस मिनिटं शांत बसला की आकडा पस्तीसने चढतो. चौदा माणसं बसली की चारशे नव्वदने. गुदमरायला होत नाही, जांभया येतात एवढंच. पहिल्या काही उड्डाणांना इमारत बांधणाऱ्यानेच आत बसून हवेचा कागद भरावा, असं ठरलं. त्यामुळे चौदावा मी.

२

सप्टेंबरात पहिली तालीम झाली. रॉकेट नव्हतं, बाकी सगळं खरं.

सुरक्षेचं काम गुरुबसप्पांकडे होतं. उदगीरचा माणूस. घरचं भुसार दुकान भावावर टाकून फौजेच्या तोफखान्यात गेलेला आणि सुभेदार होऊन परतलेला. कपाळावर भस्म, मिशा कडक. दाराशी त्यांनी पितळी बिल्ल्यांची पाटी लावली होती. आत शिरताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला खुंटीला अडकवायचा, निघताना काढायचा. गुरुबसप्पा आधी बिल्ले मोजत, मग डोकी मोजत, आणि दोन्ही जुळल्यावरच दार ओढून घेत. दार लागलं की कानांवर हलका दाब यायचा.

चाळीस मिनिटांनी मी मीटर पाहिला. पाचशे पंचवीसने चढला होता.

माझ्या हिशेबापेक्षा पस्तीस जास्त. मी गंमतीत गुरुबसप्पांना म्हणालो की तुमच्या मोजणीत एकजण सुटला. त्यांना गंमत कळली नाही. त्यांनी पुन्हा बिल्ले मोजले, पुन्हा डोकी मोजली, आणि म्हणाले, "हवा मोजून माणसं मोजता व्हय साहेब? चौदा हाईत."

दुसऱ्या तालमीलाही पाचशे पंचवीस. तिसऱ्यालाही तेवढाच. उत्साहाने सगळे जोरात श्वास घेतात म्हणावं, तर आकडा कधी वर कधी खाली व्हायला हवा. हा दर वेळी नेमका एका माणसाचा जास्त होता.

मी मीटरला दोष दिला. हैदराबादहून दुसरा मागवला आणि शेजारी लावला. दोघांचं एकमत झालं.

३

मग मी खोली रिकामी ठेवून पाहिली. दुपारची वेळ, लख्ख ऊन. इमारतीची देखभाल करणारा मलप्पा आणि मी असे दोघंच बाहेर. मलप्पा देवणीचाच. घरी देवणी जातीचे दोन गोऱ्हे होते आणि तो इमारतीपेक्षा त्यांच्याबद्दलच जास्त बोलायचा. दार लावलं, बाहेरच्या पाटीकडे पाहत बसलो. रिकाम्या खोलीत आकडा हलायचं कारण नव्हतं. उलट नवं काँक्रीट हा वायू थोडा शोषून घेतं, सोडत तर कधीच नाही. हे मी नोकरीत शिकलोय आणि त्यावर माझा विश्वास आहे.

चाळीस मिनिटांत आकडा पस्तीसने चढला. मलप्पा मला त्याच्या गोऱ्ह्याच्या शिंगांबद्दल सांगत होता. मी हाव हाव म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटा आत बसलो. पंखे बंद, पडदे बंद, एक दिवा चालू. मी रोज सकाळी आनापान करतो. विहारात शिकलो, वीस वर्षं झाली. डोळे मिटायचे आणि आपला श्वास येतोय, जातोय, एवढंच पाहायचं. त्या खोलीत ते फार सोपं होतं, कारण दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. श्वास आला, गेला. आला, गेला. चाळीस मिनिटं होत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आत घेतो तेव्हाही जाणाऱ्या श्वासाचा आवाज येतोय.

मी डोळे उघडले नाहीत. कारण उघडले असते तर काही दिसलं नसतं आणि मग मी स्वतःची समजूत घातली असती. मी श्वास रोखला. तो आवाज चालू राहिला. संथ, झोपलेल्या माणसासारखा, मागच्या रांगेच्या टोकाकडून. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मग तोही थांबला. माझा श्वास का थांबला हे कुणीतरी ऐकत असावं, तसा थांबला.

मी उठून दाराकडे गेलो. पळालो नाही. अंगाला घाम आला होता आणि तो मला बाहेर उन्हात आल्यावर कळला. पाटीवरचा आकडा माझ्या एकट्यामुळे पस्तीसने चढायला हवा होता. सत्तरने चढला होता.

मागच्या रांगेच्या टोकाला महामायाची जागा होती.

४

मी तिला सांगितलं. घरी नाही, माळावरच, जेवणाच्या सुट्टीत. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे बोलली नाही. हे तिने आईकडून घेतलंय. मग तिने मला तीन कारणं दिली. वायरींच्या नळीतून जमिनीखालचा वायू येत असेल, भरावाच्या मातीत काहीतरी कुजत असेल, आणि आवाज माझ्याच कानातल्या रक्ताचा असेल. सगळी कारणं चांगली होती. मी तिला म्हणालो की निदान जानेवारीच्या पहिल्या खऱ्या उड्डाणाला तू आत बसू नकोस. तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, तीन वर्षं मी ते यंत्र बनवून राहिले. त्याचा पहिला आकडा दुसऱ्यानं वाचायचा का?"

 बापाकडे असतं तसं एक उत्तर माझ्याकडे होतं, पण ते उत्तर नव्हे.

तेवढ्यात कागदाचं उपटलं. उड्डाणाची परवानगी देणाऱ्या तपासनिसाने गुरुबसप्पांचा मोजणीचा कागद आणि माझा हवेचा कागद शेजारी ठेवले. एकावर चौदा, दुसऱ्यावर पंधरा माणसांची हवा. दोन्ही जुळल्याशिवाय परवानगी नाही, असा शेरा आला. दामिनी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की आठ दिवसांत जुळवा, कसं ते तुम्ही जाणा.

आता इथे जे झालं ते आमच्यासारख्या जुन्या सरकारी माणसांकडूनच होऊ शकतं. मी माझा आकडा खोडायला तयार नव्हतो, कारण दोन मीटर खोटं बोलत नव्हते. गुरुबसप्पांना कागद परत येण्याची मरणाची लाज. आयुष्यभर आम्ही दोघांनी हेच केलं होतं. जागेवर काय आहे ते राहू दे, कागद कागदाशी जुळला पाहिजे. त्यांनी आतल्या माणसांच्या रकान्यात पंधरा लिहिलं. कारण म्हणून लिहिलं, 'राखीव'. बिल्ल्यांच्या पाटीवर पंधरावी खुंटी ठोकली आणि तिच्यावर नंबर नसलेला कोरा बिल्ला कायमचा अडकवला. मी पाहत होतो. मी म्हणालो, "बरं दिसतंय."

परवानगी आली. तिच्यामागोमाग कंपनीच्या भांडारातून पंधरावी खुर्चीही आली, कारण कागदावर माणसं पंधरा आणि खुर्च्या चौदा हे भांडाराच्या नियमात बसत नव्हतं. खोलीत जागा एकच उरली होती, महामायाच्या शेजारी. महामायाने तिच्यावर स्वेटर टाकून पाहिला आणि हसून म्हणाली की बरं झालं, मला मैत्रीण मिळाली.

चार दिवसांनी मलप्पा फडकं हातात घेऊन माझ्याकडे आला. बाकीच्या खुर्च्या पुसल्या, तेवढी एक राहिली म्हणाला. मी विचारलं का राहिली. त्याने फडकं पिळलं.

"गरम हाय, साहेब. आत्ता कुणी उठून गेल्यावानी."

मी जाऊन हात लावला नाही. इमारत वापरायला योग्य आहे, या कागदावर माझी सही व्हायची होती. हात लावला असता तर सही करता आली नसती, आणि सही केली नसती तर महामायाचे डोळे मला पाहावे लागले असते. मी त्या संध्याकाळी सही केली.

५

जानेवारीत थंडीची लाट आली. माळावर पहाटे पारा सहावर उतरायचा. वारा पडलेला असतो म्हणून उड्डाण सकाळी सातला ठरलं.

आम्ही चौदा जण आत गेलो. बिल्ले लागले. गुरुबसप्पांनी डोकी मोजली, ओठांतल्या ओठांत एक वाढवून पंधरा म्हणाले आणि दार ओढलं. दामिनी मॅडम एकेका जागेला विचारत गेल्या, एकेक जण तयार म्हणत गेला. महामायाचा आवाज स्पष्ट होता. मी समोरच्या भिंतीशी मीटरखाली बसलो होतो. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे होते आणि डोळे पडद्यांवर.

रॉकेट गेलं ते मी पाहिलं नाही, पायांना कळलं. फरशीतून पोटऱ्यांत एक थरथर चढली, पडदे पांढरेफटक झाले, आणि मग कुणीतरी टाळी वाजवली. महामाया आकडे वाचत होती, उंची, तापमान, पुन्हा उंची. तिचा आवाज जराही हलला नाही. मला इतका अभिमान वाटला की मी तोंड फिरवून मीटरकडे पाहत राहिलो.

चाळीस मिनिटं झाली. मीटर चारशे नव्वदने चढला होता.

मी तो आकडा तीनदा वाचला. चारशे नव्वद. चौदा माणसं, चौदा जणांची हवा. दुसऱ्या मीटरवरही तेच. गेलं, म्हटलं. जे काही होतं ते उड्डाणाच्या हादऱ्याने गेलं, नळी बुजली, माती दबली, काय असेल ते. मी गुरुबसप्पांना खूण केली. त्यांनी येऊन आकडा पाहिला, मोठा सुस्कारा टाकला, आणि कागदावरचे पंधरा खोडून चौदा केले. कोरा बिल्ला खुंटीवरून काढून खिशात टाकला. त्या वेळी तो माणूस मला दहा वर्षांनी लहान दिसला.

दार उघडलं. सगळे उठले. महामायाही उठली आणि मान मोडत माझ्याकडे आली. तिच्यामागे दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. ती ज्या खुर्चीत चाळीस मिनिटं बसली होती तिचा स्पंज सपाट होता, दुकानातून आल्यासारखा. शेजारच्या पंधराव्या खुर्चीवर मात्र बसलेल्या माणसाचा खळगा पडला होता आणि तो वर येत नव्हता.

मी पाहिलं आणि तिच्याबरोबर बाहेर पडलो.

बाहेर ऊन नुकतं भरावावर आलं होतं. सगळे दाराशी घोळक्याने उभे राहून एकदम बोलत होते, आणि थंडी अशी की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. गुरुबसप्पांच्या मिशांतून निघत होती, दामिनी मॅडमच्या निघत होती. मोजायची सवय वाईट. तेरा तोंडं होती. माझं धरून.

"पप्पा, पाहिलं का तुम्ही?" महामाया म्हणाली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, हसत होती, बोलत होती. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.

६

उड्डाणानंतर सगळ्यांना चार दिवस सुट्टी होती, म्हणून मी तिला गाडीतून नांदेडला घरी घेऊन निघालो. थंडीमुळे काचा वर केलेल्या. उदगीर येईपर्यंत माझ्या बाजूची काच आतून धुरकटली आणि मला दोनदा पुसावी लागली. तिच्या बाजूच्या काचेतून शेतातली तूर, ज्वारी, एकेक ताट वेगळं दिसत होतं. ती उड्डाणाबद्दल बोलत होती. सगळं तिचंच होतं. हाताची खूण, मधेच वाक्य सोडून देणं, आईची नक्कल. तिचं नाही असं काहीच मला सापडत नव्हतं, आणि मी शोधत होतो.

मलप्पाचा फोन आला. गाडीत तो मोठ्याने वाजतो.

"साहेब, दार लावून घेतलं व्हतं. बाहेरचा आकडा चढून राहिलाय. आत कुणी ऱ्हायलंय का?"

मी गाडी कडेला घेतली. जाऊन बघा म्हणालो. तो आत जाऊन आला, टेबलांखालीसुद्धा पाहिलं म्हणाला. कुणी नव्हतं. दार लावलं की आकडा पुन्हा चढत होता.

हिशेब मला तिथेच, रस्त्याच्या कडेला कळला. तो अवघड नव्हता. खोलीत श्वास चौदाच होते. त्यातला एक आत राहिला. बाहेर आली तेरा जणांची वाफ, आणि माणसं चौदा.

"दार उघडं ठिवू का लावू, साहेब?" मलप्पाने विचारलं.

मी महामायाकडे पाहिलं. ती माझ्याचकडे पाहत होती, लहानपणी ताप मोजताना थर्मामीटरकडे पाहायची तशी. मग शांतपणे म्हणाली, "लावायला सांगा, पप्पा. यंत्रांवर धूळ बसते."

धूळ बसते हे खरं होतं. मी मलप्पाला म्हणालो, "लावा."

७

घरी रेणुकाने खिचडी केली होती. महामाया जेवली, आईला मिठी मारली, झोपली. मी तिच्या दाराशी उभा राहून चादरीकडे पाहिलं. चादर हलत नव्हती. मी रेणुकाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तिची मुलगी घरी आली होती.

दुसऱ्या दिवशी काँक्रीटचं काहीतरी काम निघालं असं सांगून मी एकटा देवणीला गेलो. दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिलो. माझा श्वास रोखला. मागच्या रांगेतून तो आवाज आला. झोपलेल्या माणसाचा आता नव्हता. लवकर लवकर येत होता, रडून दमलेल्या मुलाचा येतो तसा. मी हळूच हाक मारली, "महामाया?"

आवाज थांबला. त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. "पप्पा, कुठं आहात? आई जेवायची थांबलीय." महामायाचा आवाज. माझ्या मुलीचा आवाज, जो मी अठ्ठावीस वर्षं ओळखतो.

मी किती वेळ त्या उंबऱ्यात होतो ते मलप्पा सांगू शकेल. एवढं आठवतं की मी दोन्हीकडे विचार करत होतो आणि दोन्हीकडे माझी मुलगी होती. दार उघडं ठेवलं तर काय बाहेर येईल याची मला भीती वाटली. ते घरी येईल, घरातली त्याच्याकडे पाहील, आणि मग दोघींतली एक मला निवडावी लागेल. घरातली निवडायला काही करावं लागत नव्हतं. मी दार ओढून घेतलं. रबर बसल्याचा आवाज आला. कुलूप मी स्वतः लावलं आणि मलप्पाला म्हणालो की रोज सकाळ-संध्याकाळ आकड्याच्या पाटीचा फोटो पाठवा, दार मात्र उघडू नका.

आकडा त्या दिवशी चढला. तिसऱ्या दिवशीही चढला, पण सावकाश. मी बांधकामावर माणसं उन्हात राबताना पाहिली आहेत. माणूस पाण्यावाचून तीन-चार दिवस काढतो, हे मला माहीत होतं. तिसऱ्या रात्री मी गाडीची किल्ली दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली. खोली रिकामी आहे, असं स्वतःला सांगितलं. मलप्पाने टेबलांखाली पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी, रेणुका आणि महामाया चहाला बसलो होतो. फोनवर मलप्पाचा फोटो आला. आकडा आदल्या संध्याकाळचाच होता. एकाही अंकाने हलला नव्हता.

मी फोन उलटा ठेवला. समोर महामाया कप हातात धरून बसली होती. तीन दिवस तिने चहा तसाच निवू दिला होता. आज तिने कप ओठांजवळ नेला, ओठ गोल केले आणि फुंकर मारली. चहावरची वाफ वाकली आणि टेबलावरून माझ्या हातापर्यंत आली. ऊबदार होती.

मला आनंद झाला. लिहायची लाज वाटते, पण इतका आनंद मला ती जन्मली तेव्हाही झाला नव्हता. तो होत असतानाच मला रडू फुटलं. कुणासाठी ते मी आजही सांगू शकत नाही, कारण सांगायला गेलो तर एकच नाव येतं, आणि ते नाव असलेली मुलगी माझ्यासमोर बसून चहा पीत होती.

रेणुकाने विचारलं की काय झालं. मी म्हणालो, चहा गरम लागला. महामायाने माझा कप आपल्याकडे ओढला आणि त्याच्यावर फुंकर घालू लागली.